चूक आणि बदल

१९५० साली लातुरात जन्मलेल्या गृहस्थांना आज कोणी जन्मराज्य विचारले, तर त्यांनी काय सांगावे? त्यांचा जन्म झाला त्या वेळी लातूर हे हैदराबाद राज्याच्या उस्मानाबाद जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यास जोडले गेले. १ मे १९६० पासून ते महाराष्ट्रात आले. १९८२ मध्ये लातूर हा निराळा जिल्हा झाला, आणि ज्या जिल्ह्यातून तो वेगळा निघाला त्या उस्मानाबादचे २०२३ साली धाराशिव झाले. इतक्या घडामोडी झाल्या. गृहस्थांचे जन्मस्थान मात्र एक पाऊलही हलले नाही. आता हे गृहस्थ उतारवयात मुलाकडे हैदराबादेस राहावयास येतात आणि नातू त्यांचा एखादा अर्ज संगणकावर भरू लागतो. राज्याच्या रकान्यापाशी यादी उघडते ती आजच्या राज्यांची. तीत हैदराबाद राज्य नाही. महाराष्ट्र लिहावे तर जुन्या दाखल्याशी मेळ बसत नाही, आणि हैदराबाद म्हणजे तेलंगण असे समजून नातवाने तेलंगण लिहिले तर ते सर्वथा खोटे.

आमच्या हैदराबादेतील मराठी घरांना हा पेच नवा नाही. कागदी अर्जात मात्र एक सोय होती. रकान्याच्या शेजारी समास असे, आणि कारकून सहृदय असला तर ‘हैदराबाद राज्य, सध्या महाराष्ट्र’ असे बारीक अक्षरांत लिहून घेई. संगणकाच्या रकान्याला समास नसतो. या महिन्यात आम्ही या बिनसमासाच्या नोंदवहीविषयी लिहिणार आहोत. विषय संगणकवाल्यांचा वाटेल. परंतु मुळात तो नोंदवहीचा आहे, आणि नोंदवह्यांच्या सहवासात आमचा जन्म गेला आहे.

इंटरनेटवरील पान दोन प्रकारचे वाचक वाचतात, माणूस आणि यंत्र. मंडळाच्या संकेतस्थळावर ‘कोजागरीनिमित्त रात्री आठ वाजता नेहमीच्या सभागृहात गाण्याचा कार्यक्रम, दुग्धपानाची सोय आहे’ असे लिहिले की माणसाला सगळे कळते. यंत्राला कोजागरीची तारीख ठाऊक नसते, आणि नेहमीचे सभागृह तर मुळीच ठाऊक नसते. म्हणून त्याच पानाच्या पोटात, वाचकाच्या डोळ्यांना दिसणार नाही अशा जागी, एक छोटासा तक्ता लिहून ठेवतात: कार्यक्रमाचे नाव, आरंभाची तारीख व वेळ, स्थळ, आयोजक. शोधयंत्रे तो तक्ता वाचतात. कोणते रकाने असावेत, त्यांना काय म्हणावे, कोणत्या रकान्यात तारीख यावी आणि कोणत्यात नाव, याविषयी लिहिणारा व वाचणारा यांच्यात झालेला करार म्हणजे त्या तक्त्याचा आराखडा. संगणकाच्या परिभाषेत त्यास स्कीमा म्हणतात.

पूर्वी असे करार अनेक होते. गूगलने २००९ मध्ये आपला एक आराखडा पुढे केला. तो ‘डेटा-व्होकॅब्युलरी’ या नावाने ओळखला जाई. २ जून २०११ रोजी गूगल, बिंग आणि याहू या एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या शोधयंत्रांनी मिळून ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ हा सामाईक शब्दसंग्रह काढला. त्याच वर्षी रशियाचे यांडेक्स त्यांस येऊन मिळाले. या कामात रामनाथन व्ही. गुहा या मूळच्या भारतीय संगणकशास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. सामाईक कोश झाला हे उत्तमच. पण आधीच्या आराखड्याप्रमाणे ज्यांनी पाने लिहून ठेवली होती त्यांचे काय? पुढे काही वर्षे गूगल दोन्ही वाचीत राहिले. जानेवारी २०२१ मध्ये जुन्याचे वाचन थांबले. त्या पानांतील एक अक्षरही कोणी पुसले नाही, तरी ते तक्ते मुके झाले. मोडी दप्तरांची जी अवस्था झाली तिच्याशी हे ताडून पाहावे. कागद शाबूत, शाई शाबूत, आणि वाचणारा नाही.

या नव्या शब्दसंग्रहालाही वाढत्या वयाची दुखणी आहेतच. त्यातील एक बदल व्याकरण शिकविणाऱ्यास गंमत वाटावी असा आहे. आरंभी व्यक्तीच्या नोंदीत ‘पेरेंट्स’, ‘सिब्लिंग्ज’, ‘कलीग्ज’ असे अनेकवचनी रकाने होते. पुढे असे ठरले की रकान्याचे नाव एकवचनी ठेवावे, आणि आई व वडील दोघांची नोंद करावयाची असेल तर तोच रकाना दोनदा लिहावा. म्हणून ‘पेरेंट’ आला. जुना ‘पेरेंट्स’ पुसून टाकणे सोपे होते. पण मग त्या शब्दानुसार लिहिलेली जगभरची पाने एका रात्रीत अशुद्ध ठरली असती. तसे केले नाही. जुना शब्द राहू दिला, त्याचे स्पष्टीकरणाचे पान राहू दिले, आणि त्यावर एक शेरा मारला की याची जागा आता अमुक शब्दाने घेतली आहे. जुने पान वाचणारे यंत्र त्या शेऱ्याच्या आधाराने नव्या शब्दापर्यंत पोहोचते. (मुलांचा ‘चिल्ड्रेन’ हा रकाना मात्र अनेकवचनीच राहिला. प्रत्येक नियमाला अपवाद असतो हे आम्ही वर्गात सांगतो तेव्हा मुले हसतात. ही पाहा साक्ष.)

नवा रकाना घालणे हे जुन्याचा अर्थ फिरविण्यापेक्षा पुष्कळ निरुपद्रवी असते. इंटरनेटवरील पाने दाखविणारी यंत्रणा पहिल्यापासून एक शहाणपण पाळीत आली आहे: आपल्याला न कळणारी खूण भेटली तर ती सोडून पुढे जावे, अडून बसू नये. त्यामुळे नव्या खुणा आल्या तरी जुनी यंत्रे कोलमडली नाहीत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि कार्यक्रम सभागृहांतून पडद्यावर गेले, तेव्हा हे उपयोगी पडले. स्थळाच्या रकान्यात आतापर्यंत पत्ता येत असे. तेथे लोक ‘झूम’ लिहू लागले असते तर त्या रकान्याचा अर्थच बिघडला असता. त्याच महिन्यात स्कीमा डॉट ऑर्गच्या नव्या आवृत्तीत उपस्थिती प्रत्यक्ष की दूरस्थ हे सांगणारा निराळा रकाना आला, पडद्यावरील स्थळासाठी निराळा प्रकार आला, आणि कार्यक्रमाच्या स्थितीत ‘ऑनलाइन हलविला’ अशी भर पडली. पत्त्याचा रकाना पत्त्याचाच राहिला.

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. शाळेच्या प्रवेश नोंदवहीत दोन प्रकारचे फेरफार होतात आणि त्यांची लिहिण्याची रीत वेगळी आहे. मुलाची जन्मतारीख १२ असताना २१ लिहिली गेली, ही चूक. तिच्यावर तांबड्या शाईची एक रेघ, खालचे अक्षर वाचता येईल अशी. शेजारी योग्य तारीख, आधाराच्या कागदाचा उल्लेख आणि मुख्याध्यापकाची सही. मुलाच्या वडिलांची बदली झाली आणि पत्ता पालटला, हा बदल. येथे रेघ मारावयाची नसते. जुना पत्ता त्या दिवसापर्यंत खराच होता. त्याखाली नवा पत्ता आणि तो कधीपासून, इतकेच लिहावयाचे. चूक ही कधीच खरी नव्हती. बदल हा एका तारखेपर्यंत खरा होता. आमच्या मते नोंद ठेवण्याच्या शास्त्राचा अर्धा भाग या एका भेदात आहे, आणि संगणकावर नोंदी ठेवणारे पुष्कळदा तोच विसरतात. ते जुन्या किमतीवर नवी किंमत लिहितात. खालचे अक्षर उरत नाही, तारीख उरत नाही, आणि फेरफार चुकीमुळे झाला की काळामुळे हे नंतर कोणालाही सांगता येत नाही.

हा भेद नीट पाळलेली एक सार्वजनिक नोंदवही आहे. विकिपीडियाच्या परिवारातील ‘विकिडेटा’ २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सुरू झाला. त्यात प्रत्येक गोष्टीस एक क्रमांक आहे, आणि त्या क्रमांकाखाली विधाने आहेत. ‘हे शहर अमुक राज्यात आहे’ हे एक विधान. त्याला ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ अशा तारखा जोडता येतात. विधानांना तीन दर्जे आहेत: पसंतीचे, साधारण आणि त्याज्य. वाचकांनी येथे थोडे थांबावे. हैदराबाद आंध्र प्रदेशात आहे, हे विधान १ नोव्हेंबर १९५६ ते १ जून २०१४ या काळापुरते खरे आहे. त्याला त्याज्य म्हणावयाचे नाही. ते साधारण दर्जात, अखेरच्या तारखेसह राहते. तेलंगणाचे विधान पसंतीचे होते. त्याज्य हा दर्जा जे मुळात खोटे होते त्यासाठी राखून ठेवलेला आहे. आमच्या तांबड्या रेघेची ही आवृत्ती पाहून आम्हांस मनापासून आनंद झाला.

हैदराबादचे उदाहरण आणखी एका अडचणीसाठी घेण्यासारखे आहे. राज्याची राजधानी एक आणि शहर एका राज्याची राजधानी, असे गृहीत धरून कोणी तक्ता आखला असेल, तर तो २ जून २०१४ रोजी मोडला. पुनर्रचनेच्या कायद्याने हैदराबाद ही तेलंगण व आंध्र प्रदेश या दोन्ही राज्यांची सामाईक राजधानी ठरली, दहा वर्षांच्या मुदतीने. आंध्रची राजधानी स्वतःच्या सीमेबाहेर, ही स्थिती २ जून २०२४ पर्यंत होती. म्हणजे येथे केवळ रकान्यातील नाव पालटले नाही. एका रकान्यात एकच नाव मावते हा समजच खोटा ठरला. ज्यांनी रकाना पुन्हा लिहिता येईल असा ठेवला होता त्यांचे काही अडले नाही. इतरांना आराखडा उकलून पुन्हा शिवावा लागला.

घरातही हेच घडते. स्कीमा डॉट ऑर्गच्या व्यक्तीच्या नोंदीत नावाचे तीन रकाने आहेत: स्वतःचे नाव, मधले नाव, आडनाव. मराठी मुलीच्या मधल्या रकान्यात वडिलांचे नाव असते. लग्नानंतर तेथे पतीचे येते, आडनाव पालटते, आणि क्वचित सासरी हौसेने पहिले नावही बदलतात. तीनही रकाने पालटल्यावर यंत्राच्या दृष्टीने ही निराळीच बाई झाली. शाळेचा दाखला एका बाईचा, बँकेचे पुस्तक दुसरीचे. पतीच्या निवृत्तिवेतनासाठी अर्ज करावयाची वेळ येते तेव्हा विधवा स्त्रीला आपण त्याच आहोत हे प्रतिज्ञापत्रावर सिद्ध करावे लागते. आमच्या शाळेत चाळीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या विद्यार्थिनी जुनी नोंद शोधावयास येतात त्या बहुधा याच कामासाठी. माहेरचे नाव ही त्यांच्या बाबतीत चूक नव्हती, बदल होता. ते ‘अमुक तारखेपर्यंत’ अशा शब्दांत जपून ठेवावयास हवे होते.

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली नावाच्या आराखड्यात एक मोठा फेरबदल केला. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव या क्रमाने लिहावयाचे ठरले. निर्णय आम्हांस स्वागतार्ह वाटतो. शिवाय नोंदवहीच्या दृष्टीने तो नीटनेटका आहे, कारण त्याला ठाम तारीख आहे आणि आधी जन्मलेल्यांच्या नोंदींना तो हात लावीत नाही. पण महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या घरांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी नांदेडला किंवा सोलापूरला माहेरी जाते. बाळाचा दाखला तेथे चार पदांचा होतो. आणि हे बाळ शाळेत घालावयाची वेळ येते ती हैदराबादेत, इंदुरात वा बेळगावात. तेथील अर्जात मधल्या नावाचा एकच रकाना असू शकतो. घाईत कोणी आईचे नाव गाळील, कोणी दोन्ही नावे एकत्र जोडील, आणि पुढे जन्माचा दाखला व शाळेचा दाखला एकमेकांशी भांडत राहतील. दोन्ही नावे मधली जागा सोडून, जन्मदाखल्यात आहेत तशीच लिहा, असा आग्रह प्रवेशाच्या दिवशीच धरावा. नंतरची दुरुस्ती फार महाग पडते.

ज्या नोंदीतील सगळेच पालटू शकते तिला धरून ठेवावयाचे कशाने? क्रमांकाने. पण क्रमांकातही अर्थ भरण्याचा मोह माणसाला आवरत नाही. शाळांना असलेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक घ्या. पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे. आंध्र प्रदेशाचे २८ होते, तेलंगणाचे ३६ झाले. शाळेची इमारत, फळा, घंटा सगळे तेच. क्रमांक मात्र दुसरा. त्यानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये राज्यातील दहा जिल्ह्यांचे एकतीस झाले, आणि २०१९ मध्ये तेहतीस. क्रमांकात भूगोल भरला की भूगोल हलला म्हणजे क्रमांक लटपटतो. याउलट आधार क्रमांकाचे बारा अंक पाहून माणसाचे राज्य, वय, जात काहीच कळत नाही, आणि म्हणूनच तो माणसाबरोबर कोठेही जाऊ शकतो. विकिडेटात मुंबईचा क्रमांक क्यू ११५६ आहे. या अंकांना काहीही अर्थ नाही. शहराचे नाव उद्या आणखी काही झाले तरी ते पालटावे लागणार नाहीत.

वाहनांच्या बाबतीत आमच्या राज्याने शहाणपणा दाखविला. हैदराबादच्या रस्त्यावर आज तीन प्रकारच्या पाट्या दिसतात: जुन्या गाड्यांवर एपी, २०१४ नंतरच्या गाड्यांवर टीएस, आणि मार्च २०२४ पासूनच्या नव्या गाड्यांवर टीजी. टीएसवाल्यांनी पाट्या रंगवून घ्याव्यात असा हुकूम निघाला नाही.

क्रमांक बदलण्याहून वाईट गोष्ट एकच, ती म्हणजे एकाचा क्रमांक दुसऱ्यास देणे. शाळा सोडून गेलेल्या मुलाचा प्रवेश क्रमांक नव्या मुलाला देणारा मुख्याध्यापक आम्ही पाहिलेला नाही. परंतु देशांची संक्षिप्त अक्षरे ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय यादीत हे घडले. ‘सीएस’ ही अक्षरे चेकोस्लोव्हाकियाची होती. १९९३ मध्ये त्या देशाचे दोन देश झाले, आणि २००३ मध्ये तीच अक्षरे सर्बिया व मॉन्टेनेग्रो यांच्या संघास देण्यात आली. जुन्या नोंदीत सीएस आले तर प्राग समजावे की बेलग्रेड? तो संघही २००६ मध्ये मोडला. त्यानंतर सोडलेली अक्षरे पन्नास वर्षे पुन्हा वापरू नयेत असे ठरविण्यात आले.

संकेतस्थळाच्या पानाचा पत्ता हाही एक प्रकारचा क्रमांकच आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये एका टिपणात हाच विषय मांडला होता. पत्त्यात लेखकाचे नाव, विषयाचे वर्गीकरण, ‘ताजे’ किंवा ‘मसुदा’ यांसारखी स्थिती, वापरलेल्या साधनाचे नाव यांपैकी काही घालू नये, कारण ते सारे पालटते, असे त्यांचे सांगणे. पान कधी तयार झाले ती तारीख चालते; ती पालटण्याचे कारण नसते.

आपल्या अनेक मंडळांनी, ग्रंथालयांनी आणि वधूवर सूचक केंद्रांनी अलीकडे संकेतस्थळे उघडली आहेत. कार्यकारिणी बदलली की उत्साही चिटणीस ते नव्याने बांधून घेतात आणि जुन्या पानांचे पत्ते मरतात. ग्रंथालयाच्या सूचीतील पुस्तकाचे पान, दिवंगत कार्यकर्त्याच्या परिचयाचे पान, कुणीतरी आपल्या लेखात ज्याचा हवाला दिला आहे असे अहवालाचे पान, यांच्या जागी ४०४ हा अंक दिसतो. त्याचा अर्थ इतकाच की येथे काही सापडत नाही. पोस्टात पत्ता बदलल्याचा अर्ज देतात तशी सोय येथेही आहे: ३०१ या अंकाने जुना पत्ता विचारणारास ‘कायमचे अमुक ठिकाणी गेले’ असे सांगून परस्पर तेथे पोहोचविता येते. पान मुद्दाम काढले असेल तर ४१० हा अंक द्यावा, म्हणजे शोधयंत्र उगीच हेलपाटे घालीत नाही. वधूवर सूचीतील लग्न जमलेल्या मुलामुलींच्या पानांना हा ४१० फार योग्य आहे. त्यांच्या बाबतीत जुनी नोंद जगासमोर ठेवण्यापेक्षा कपाटात ठेवलेली बरी.

दुसरे, गावांची नावे पालटली म्हणून जुन्या सूचीत सर्वत्र एका फटक्यात शब्द बदलण्याची आज्ञा संगणकास देऊ नये. १९५० च्या दाखल्यावर उस्मानाबाद आहे. सूचीत त्याचे धाराशिव झाले तर मूळ कागदाशी गाठ तुटते. उस्मानाबादच्या आधीही गावाचे नाव धाराशिवच होते, म्हणून येथे एकाच नावाला दोन काळ आहेत. रकाना दोन ओळींचा करावा, मूळ नोंदीप्रमाणे एक आणि सध्याचे नाव एक. आणि कोणी नव्याने अर्ज आखून घेत असेल त्याने राज्यांच्या यादीखाली ‘जन्माच्या वेळचे राज्य’ अशी एक मोकळी जागा ठेवावी. आखणाऱ्यास त्यासाठी दहा मिनिटांहून अधिक काम पडत नाही. आमच्या शाळेतील माजी विद्यार्थ्यांच्या यादीसाठी आम्ही ती ठेविली आहे, आणि आजवर तीत हैदराबाद, मध्य भारत, मुंबई, म्हैसूर अशी चार राज्ये लिहून आली आहेत.